एका माणसाचा निर्वाह

सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, केतकी शिंगटे सूक्ष्मदर्शकाखाली गोचिडींचे पाय मोजत होती. सहा पाय असले तर नुकती अंड्यातून बाहेर पडलेली, आठ असले तर पुढच्या अवस्थेतली. दोडामार्गच्या गोचीड संशोधन केंद्रात अकरा वर्षं ती हेच काम करत होती आणि तिला ते आवडायचं. गोचिडीला कधी साडेसहा पाय नसायचे.

फोनवर येत्या तिमाहीचं वेतनपत्र आलं. एरवी ती ते घरी जाऊन बघायची. पण रविवारी धाकट्या भावाचा, विराजचा, फोन येणार होता आणि तो पहिला प्रश्न याबद्दलच विचारणार होता, म्हणून तिने डोळा बाजूला करून पडद्यावर नजर टाकली.

निर्वाह-घटक : १.००. त्याखाली बारीक अक्षरांत मागचा घटक, १.७२.

तिने हातमोजा काढला आणि पुन्हा वाचलं. तिच्या घरात दोन माणसं राहत होती. ती आणि तिची आई.

'निर्वाह' सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याआधी देशभरातल्या सरकारी संशोधकांना एका श्रेणीला एकच पगार आणि वर शहर बघून भत्ता मिळायचा. कुरकुर सगळीकडेच होती. पुण्याचा संशोधक म्हणायचा, माझा निम्मा पगार घरभाड्यात जातो. दोडामार्गचा म्हणायचा, भाडं कमी आहे खरं, पण हृदयाचा डॉक्टर गाठायला मला गोव्यात जावं लागतं आणि घाट बंद पडला की बेळगावची भाजी दुप्पट होते. दोघंही खरंच बोलत होते. शेवटी ठरलं की पगार कागदावर सारखा नको, जगण्याचा खर्च भागल्यावर हातात उरेल तो सारखा हवा.

त्यासाठी प्रत्येकाचं जगणं किती महाग आहे हे कळायला हवं होतं. शहराच्या सरासरीवर कुणाचंच समाधान होईना, तेव्हा मोजणी घरात आली. घरातलं प्रत्येक उपकरण विजेच्या प्रवाहावर आपली बारीकशी खूण सोडतं. मिक्सरची वेगळी, गिझरची वेगळी. मीटरमधली चिप त्या खुणा ओळखायला शिकली. पाण्याचं मीटर, गॅसचं मीटर, किराण्याची आणि औषधांची बिलं तिला जोडली गेली. या सगळ्यावरून घरात किती माणसांचं जगणं चाललंय ते निघायचं. एकट्या माणसाचा घटक एक. दुसऱ्या माणसाने तो दुप्पट होत नाही, कारण दिवा आणि कुकर दोघांत एकच लागतो. म्हातारं माणूस असलं तर औषधांमुळे थोडा वाढतो. केतकीच्या घराचा आकडा चार वर्षं, म्हणजे वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहायला आली तेव्हापासून, एक पूर्णांक सातच्या आसपास होता.

यात एक अडचण होती. पगार आधी ठरवावा लागतो, त्यामुळे खर्च झाल्यावर मोजून उपयोग नव्हता. पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज हवा होता. यंत्रणा लाखो घरांच्या नोंदींवर शिकली आणि अंदाज करू लागली. तेव्हा कळलं की बाळ येण्याआधी, संसार मोडण्याआधी, घरातलं कुणी जाण्याआधी घर वेगळं वागू लागतं. घरातल्यांना पत्ता नसतो, पण गरम पाण्याच्या वापरात, दुधाच्या पिशव्यांत, दिवा लागण्याच्या वेळांत ते उमटतं. असं का होतं हे यंत्रणेला माहीत नसायचं. तिला आकडा माहीत असायचा.

केतकीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि अर्धा दिवस रजा टाकली.

घरी आई ओसरीत बसून अळूची पानं निवडत होती. शालन शिंगटे पंच्याहत्तर वर्षांच्या होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी आरोग्यसेविका म्हणून काढली होती, त्यातली एकोणीस कोयनेच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर. पाठ अजून ताठ होती.

"आज लवकर?" त्यांनी विचारलं.

"काम संपलं. तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?"

केतकीने त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी बघतेय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नाड्या बघितल्या होत्या. त्यांनी हात तिच्या हातात राहू दिला आणि दुसऱ्या हाताने पानं निवडत राहिल्या.

शनिवारी केतकीने त्यांना सावंतवाडीला नेलं. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब थोडा वर आहे, गोळ्या वेळेवर घेत जा, बाकी या वयाला उत्तम. परतताना शालनताईंनी बाजारात गाडी थांबवायला लावून स्वतःसाठी विजेरी घेतली. केतकीने विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "असू दे."

रविवारी विराजचा फोन आला तेव्हा तिने आकड्यांचा विषय टाळला, आणि पुढेही टाळत राहिली. सोमवारी तिने 'निर्वाह'च्या नागपूरच्या कार्यालयात फोन लावला. नंदेश्वर नावाचे अधिकारी होते, आवाजावरून पन्नाशीचे.

"मॅडम, चूक असेल तर पुढच्या तिमाहीत फरक जमा होतो. काळजी करू नका."

"मला फरक नकोय. घटक एकवर का आला ते सांगा."

"कारण आम्हालाही दिसत नाही. मीटरच्या नोंदींवरून मॉडेल म्हणतंय की येत्या तिमाहीत घरात एकाच माणसाचा वापर राहील. माणूस दुसरीकडे राहायला जातं, कधी दवाखान्यात दाखल होतं, कधी..." ते थांबले.

"कधी काय?"

"तुमच्या घरात कोण आहे?"

"आई. पंच्याहत्तर."

मग नंदेश्वर हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी मीही असाच फोन केला होता, मॅडम. आमच्याच खात्यात. तुम्हाला एक सांगू? त्यांच्याजवळ बसा. आकड्याकडे बघू नका."

"किती वेळा बरोबर येतं हे?"

"शंभरात एक्क्याण्णव."

त्या आठवड्यात केतकीने आईसाठी जे सुचेल ते आणलं. दूध दुप्पट केलं, बदाम आणले, गुडघ्यांना शेक द्यायचं यंत्र आणलं. गिझर ती स्वतः लावू लागली. हे आईसाठी आहे की मीटरसाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. घरातला वापर वाढला तर कुठेतरी तो आकडा परत वर सरकेल, आणि आकडा सरकला की आईही राहील, असं काहीसं तिच्या मनात होतं. अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईने असा विचार करावा याची तिला लाज वाटत होती, तरी ती रोज संध्याकाळी फोनवर घरचा वापर बघत होती. दूध विरजणात जात होतं. गिझरचं पाणी तापून तसंच गार होत होतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी जेवताना शालनताई म्हणाल्या, "केतू, मी म्हणते थोडे दिवस विराजकडे जाऊन येते."

केतकीच्या हातातला घास तसाच राहिला. मग तिला हसू आलं, इतकं की आई बघतच राहिली. एवढंच होतं तर. आई पुण्याला जाणार होती. ते आईच्या मनात आधीपासून असणार, आणि म्हणून घर बदललं असणार, आणि ते मीटरने ओळखलं. कुणीही मरणार नव्हतं.

"जा की," ती म्हणाली. "कधीपासून ठरवलंयस?"

"झाले तीन महिने."

दुसऱ्या दिवशी केंद्रातून तिने विराजला फोन केला. विराज तिच्याहून चार वर्षांनी लहान, पुण्यात वनस्पतींच्या विषाणूंवर काम करायचा. दोघं एकाच श्रेणीत होते आणि गेली सहा वर्षं दर रविवारी कुणाच्या हातात काय उरलं याची तुलना करायचे. सुरुवातीला ती गंमत होती. विराज म्हणायचा, ताई, आई तुझ्याकडे आहे म्हणून तुझा आकडा फुगलाय. केतकी म्हणायची, फुगलाय तो सगळा तिच्या औषधांत जातो, माझ्या हातात काय राहतं? फोन स्पीकरवर असायचा आणि आई तिथेच भाजी चिरत असायची.

"आई येतेय तुझ्याकडे," केतकी म्हणाली. "यंत्रणेला आपल्या आधी कळलं बघ. माझा घटक एकवर आणलाय. तुझा वाढून आला असेल."

"आई येतेय? मला काही बोलली नाही."

"तुझा आकडा किती आलाय?"

"थांब, बघतो." त्याला वेळ लागला. "दोन पूर्णांक पासष्ट."

"आणि आधीचा?"

विराज आकडा पुन्हा वाचून बघत होता.

"विराज, आधीचा?"

"तोच, ताई. दोन पूर्णांक पासष्ट."

दोघांनीही फोन ठेवला नाही. पलीकडे विराजच्या प्रयोगशाळेतल्या शीतकपाटाची घरघर तिला ऐकू येत होती. तिच्या घरातून एक माणूस जाणार होतं आणि ते त्याच्या घरात पोहोचणार नव्हतं.

"मी निघू का तिकडे?" शेवटी विराजने विचारलं.

"आधी मी तिच्याशी बोलते," केतकी म्हणाली.

ती घरी आली तेव्हा आई आंघोळ करून बाहेर येत होती. केसांतून पाणी गळत होतं. केतकीने त्यांच्या दंडाला हात लावला. दंड थंडगार होता.

"गार पाण्याने केलीस?"

"बरी वाटते."

"आई, तू विराजकडे जाणार नाहीयेस."

शालनताईंनी टॉवेल खांद्यावर घेतला आणि खुर्चीत बसल्या. खोटं सापडल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट सुटल्यासारख्या दिसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "हौसाकडे जातेय."

हौसाबाई कोकरे ही त्यांच्या नोकरीच्या काळातली गावची आशा कार्यकर्ती. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वस्ती. जीपचा रस्ता संपला की तासभर चढ. शालनताई तिच्याबरोबर बाळंतपणं करत हिंडल्या होत्या. आता दोघीही म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"तिथे तर नळही नाही."

"म्हणून तर गार पाण्याची सवय करते. जुलैपासून. दिवाही लावत नाही फारसा, तुझ्या लक्षात आलं नाही. चहा एकदाच घेते. गोळ्या अर्ध्या घेऊन अर्ध्या साठवल्यात, वर दुकान नाही ना. तीन महिने पुरतील."

केतकी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मीटरने काय बघितलं होतं ते आता तिला कळलं. एक माणूस या घरात असतानाच नसण्याचा सराव करत होतं.

"माझ्या बोलण्यामुळे?" तिने विचारलं. "रविवारच्या?"

"तू वाईट नाही बोललीस. खरं तेच बोललीस." शालनताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी किती बाळं वजनकाट्यावर ठेवली असतील. बाळ हातपाय हलवतं, काटा थरथरतो, वजन घेता येत नाही. मग आपण थांबायचं, ते दमून गप्प पडेपर्यंत. गप्प पडलं की बरोबर वजन येतं. मला तुमच्या फोनच्या वेळी तसं व्हायचं. वाटायचं, आपण हललो तर यांची मोजणी चुकेल."

"मी यातून बाहेर पडते. अर्ज करता येतो. साधा पगार घेईन, मीटर काढून टाकू."

"त्याने काय होईल?"

"तुला कुणी मोजणार नाही."

"तू मोजशील, केतू. मनात. तुला आता सवय लागलीय, विराजलाही." त्या हे रागाने बोलल्या नाहीत. "आणि असं बघ, माझं पान तर उठलंच आहे तुझ्या घरातून. सरकारने कापलंसुद्धा."

केतकीने अर्जाचं दुसऱ्यांदा विचारलं नाही. साधा पगार म्हणजे हातात बराच कमी पगार, हे त्या क्षणीही तिच्या मनात येऊन गेलं होतं. ते आईच्या लक्षात आलं असेल का, हा प्रश्न पुढे तिची पाठ सोडणार नव्हता.

दसरा झाल्यावर ती आईला सोडायला गेली. चढावर शालनताई दर वळणाला थांबत होत्या, पण सामान त्यांनी तिला पूर्ण घेऊ दिलं नाही. वरच्या पठारावर कारवीच्या कुडाची पाच घरं होती. हौसाबाई दारात उभी होती. तिने शालनताईंना मिठी मारली नाही की पाया पडली नाही. हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "लई उशीर केला, बाई." जणू त्या सकाळीच यायच्या होत्या.

पहिले सहा महिने केतकी दर महिन्याला गेली. गोळ्या घेऊन जायची. मग गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम जोरात आला आणि दोन महिन्यांनी एकदा जाणं होऊ लागलं. वर फोन लागायचा नाही. आई आहे की नाही हे कळायला सात तासांचा प्रवास करून, चढ चढून, त्या कुडाच्या घरापाशी जाऊन हाक मारावी लागायची. हाक मारल्यापासून ओ येईपर्यंत ती श्वास घ्यायची नाही.

रविवारचे फोन चालू राहिले. आता दोघं हवापाण्याबद्दल बोलायचे. एकदाच विराज म्हणाला, "ताई, मी मॉडेलच्या लोकांचा एक निबंध वाचला. ते म्हणतात, माणूस स्थलांतरित झालं की मेलं हे नोंदींत वेगळं दिसत नाही. पहिले तीन महिने तर अजिबातच नाही."

"मग?"

"मग काही नाही. वाचलं म्हणून सांगितलं."

घरात केतकीला नवीनच त्रास सुरू झाला. आईच्या खोलीतला दिवा तिने संध्याकाळी लावून ठेवावा असं तिला वाटायचं, आणि लावला की मीटरला काय वाटेल हा विचार यायचा. घरात कुणी आहे असं त्याला वाटेल. ती दिवा लावायची, थोड्या वेळाने विझवायची. तिमाहीमागून तिमाही आकडा एकच यायचा. १.००. एकदा १.०४ आला. त्या दिवशी ती दुपारीच केंद्रातून निघाली आणि थेट पाटणच्या रस्त्याला लागली. दुसऱ्या सकाळी ती वर पोहोचली तेव्हा आई अंगणात नाचणी वाळवत होती. "अगं, काय झालं?" आईने विचारलं. केतकी नाचणी पसरायला बसली. चार शतांश म्हणजे तिने स्वतःच विझवायला विसरलेला दिवा होता.

शालनताई पुढच्या वर्षी डिसेंबरात गेल्या. हौसाबाईची सून खालच्या उपकेंद्रात उतरली, तिथल्या सिस्टरने फोन केला. पण केतकी त्या वेळी जंगलात गोचिडी गोळा करायला गेली होती. निरोप तिला तिसऱ्या दिवशी मिळाला. वरच्या लोकांनी एक दिवस वाट बघून सगळं उरकलं होतं.

तिने रीतसर मृत्यूचा दाखला काढला आणि वेतन विभागात घेऊन गेली. खिडकीमागच्या तरुणीने पडद्यावर नाव शोधलं.

"तुमच्या घरात दुसरी व्यक्ती नाहीये, मॅडम."

"होती. माझी आई."

"आमच्याकडे गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नाही." तिने दाखल्यावरची तारीख बघितली आणि जरा गोंधळली. "म्हणजे चौदा महिने त्या होत्या, पण... असू दे. हे जमा करायची गरज नाही. आकड्यात काही बदल होत नाही."

तिने दाखला खिडकीतून परत दिला. केतकीने तो घडी न घालता हातात धरला. बाहेर येऊन तिने विराजला फोन केला आणि क्लार्क काय म्हणाली ते शब्दाशब्दाने सांगितलं. तो रडत होता. ती रडली नाही. तिला वाटत होतं, आपण हे सगळं गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी दुपारी, एकदा करून चुकलो आहोत, आणि दुसऱ्यांदा कसं करतात ते आपल्याला माहीत नाही.

तेराव्याला भावंडं दोघं वर गेली. विराज कधीच आला नव्हता. तो कडेला जाऊन दरीकडे बघत उभा राहिला. केतकी आत चुलीपाशी बसली. हौसाबाई भाकरी थापत होती.

"शेवटी त्रास झाला का तिला?" केतकीने विचारलं.

"न्हाई. सकाळचं उठल्या, तोंड धुतलं, म्हनल्या जरा पडते. येवढंच."

"गोळ्या घेत होती?"

"तुम्ही आनलेल्या समद्या घ्यायच्या. पुऱ्या." हौसाबाईने तव्यावर भाकरी टाकली. "आनि जेवायच्या लई. पयल्या म्हैन्यात मला भ्याच वाटलं, म्हातारपनी पचंल का न्हाई. दोन भाकऱ्या खायच्या, मग म्हनायच्या, हौसा, अजून वाढ. कालवन वाटीनं प्यायच्या. खालच्या वाडीत बाळंतपनाला गेल्या तर तिथंबी जेवून आल्या, आनि घरी येऊन परत बसल्या." ती हसली आणि पदराने डोळे पुसले. "मी म्हनलं, बाई, लेकीकडं जेवत नव्हता का? तर म्हनल्या, तिथं मला भूकच कळत नव्हती."

केतकी चुलीतल्या जाळाकडे बघत राहिली. चार वर्षं ती आईच्या समोर जेवली होती. आईने एकदाही मागून घेतलेलं तिला आठवेना. ती आठवत राहिली, एकेक सण, एकेक वाढदिवस, आणि प्रत्येक वेळी तिला आईचा ताटावर आडवा धरलेला हात दिसला.

हौसाबाईने तिच्यापुढे ताटली ठेवली. भाकरी, घेवड्याचं कालवण, वर लसणाची चटणी. सकाळपासूनचा प्रवास आणि चढ झाल्यामुळे केतकीने ती भराभर संपवली. हौसाबाईने तव्यावरची दुसरी भाकरी उचलली आणि तिच्या ताटाकडे नेली.

केतकीचा हात आपोआप ताटावर आडवा आला.

"का वो?" हौसाबाईने विचारलं. "पोट भरलं?"

भरलं नव्हतं. बाहेरून विराजने हाक मारली, ताई, खाली धुकं चढतंय, निघायला हवं. केतकीने ओ दिली नाही. हौसाबाई गरम भाकरी हातावर झेलत, उत्तराची वाट बघत उभी होती, आणि केतकी आपला हात ताटावरून बाजूला घ्यायचा प्रयत्न करत होती.